दक्षिणेकडची खिडकी

ऑड्री पेलने शिडीवरून कागदाचं वरचं टोक खिळ्याला अडकवलं आणि गुंडाळी सोडून दिली. सरसर करत ती खाली उलगडली आणि चर्चच्या भिंतीवर संत पीटर उभा राहिला. कमरेपर्यंत लाटांत, एक हात वर, आणि त्या हाताकडे झेपावणारा येशूचा हात. चेहरा मात्र रूबेन व्हेरिलचा होता.

रूबेनला मागच्या हिवाळ्यात एका लाटेनं होडीवरून उचलून नेलं. समुद्रानं परत काही दिलं नाही. कबर नाही, तर निदान रंगीत काचेची एक खिडकी असावी, असं त्याच्या बायकोनं, थिर्झानं ठरवलं. पाद्री डॅनबींनी वेदीजवळची मानाची जागा देऊ केली होती. ती उत्तरेकडे होती.

"नको. दक्षिणेकडची द्या. ऊन लागलं पाहिजे," एवढंच थिर्झा म्हणाली होती.

काच कापण्याआधी चित्र गावाला दाखवायचं आणि कुणाची हरकत असली तर ऐकून घ्यायची, ही रीत. स्कारनेस गावात मासळीचा तुटवडा पडे, हरकतींचा नाही. इथे कुणाच्या दुःखात कोण रस्सा घेऊन आलं आणि कोण नुसतं तोंड दाखवून गेलं, याचा जमाखर्च बायकांच्या जिभेवर चोख असे. रूबेनच्या प्रार्थनासभेला नेल हार्लंड शेवटच्या बाकावर बसली आणि रडली नाही, हेही त्यात नोंदलेलं होतं. फक्त ते कुठल्या खात्यावर टाकावं, हे कुणाला सुचलं नव्हतं. नेल एकटी राहायची, वेदीवरची फुलं सांभाळायची. आत्ताही ती मागे बादलीतल्या फुलांचे देठ छाटत होती.

"रूबेनच आहे हो," कुणीतरी म्हणालं.

"नाक जरा सरळ काढलंय."

"सरळच असू दे. संत झालाय तो आता."

हशा पिकला. ऑड्री शिडीवरून उतरली, तिचे खांदे सैल झाले. ती यॉर्क शहरातली, काचेवर चित्रं करणारी. इथे ओलसर बाकांवर बसून तिनं बरेच दिवस या कागदावर घालवले होते. पीटरला झगा न घालता कोळ्यांचा विणलेला स्वेटर घालायचा, ही कल्पना तिची होती. थिर्झानं दिलेल्या फोटोत रूबेन दूरच्या कुठल्याशा बंदरात होडीवर उभा होता, रबरी कोट उघडा टाकून. भिंग लावून ऑड्रीनं त्या स्वेटरची वीण टाक्यान् टाका उतरवून घेतली होती. तेवढ्यावर तिचा सगळ्यात जास्त जीव होता.

हॅना म्हातारी काठी टेकत पुढे आली. चष्मा कपाळावर सारून तिनं नाक कागदाला लावलं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"ही थिर्झाची वीण नाही."

हशा मधेच तुटला.

"म्हणजे?" ऑड्रीनं विचारलं.

"अगं पोरी, थिर्झाच्या घरची वीण शिडीची. तिच्या आईची, आजीचीही तीच. इथे प्रत्येक घराची वेगळी. समुद्रानं चेहरा पुसला तरी विणीवरून ओळखतात, कुणाचा माणूस ते." हॅनाचं बोट कागदावरच्या चौकोनांवरून, त्यांच्यातल्या दाण्यांवरून फिरलं. "आणि ही..."

एकेक करून सगळ्या माना मागे, फुलांच्या बादलीकडे वळल्या. नेलच्या हातातली कात्री उघडीच राहिली होती.

एका विधवेची अब्रू तिनं स्वतःच्या हातानं, भिंग लावून, भिंतीवर टांगली होती.

"चूक माझी आहे," ती घाईघाईनं म्हणाली. "मी बदलते. शिडीची वीण काढते. आजच."

"हो हो, बदलू या," डॅनबी म्हणाले. त्यांनी कागद उतरवायला हातही पुढे केला.

"राहू द्या, पाद्रीबाबा."

पहिल्या बाकावरून थिर्झा उठली. चित्रासमोर येऊन तिनं हातमोजा काढला आणि पीटरच्या उचललेल्या हाताच्या मनगटावर बोट ठेवलं.

"एवढं चुकलंय. ही बाही होडीवरच्या जाळं ओढायच्या रहाटात अडकून फाटली होती. नंतर पुन्हा विणली, म्हणून इथे ओळी जास्त आहेत. फोटोत तो हात मागे होता, तुला कसं दिसणार?" मग मागे न वळता ती म्हणाली, "नेल, किती गं ओळी?"

"दोन," नेल म्हणाली. आवाज कसाबसा बाकांपर्यंत पोचला.

"दोन ओळी जास्त काढ," थिर्झानं ऑड्रीला सांगितलं.

हॅना मटकन बाकावर बसली. "तुला ठाऊक होतं? आणि फोटो तूच दिलास?"

"होडीवरून आला की स्वेटर धुवायचा कुणी? मीच ना." थिर्झा हातमोजा परत चढवू लागली. एक बोट काही केल्या आत जाईना. "समुद्रातून आलेली लोकर लवकर वाळत नाही. दर वेळी घरातच, चुलीपुढे, दार लावून वाळवला. बाहेर दोरीवर एकदाही घातला नाही."

मागे बादली कलंडल्याचा आवाज झाला. कुणी वळून पाहिलं नाही.

थिर्झानं दक्षिणेकडच्या साध्या काचेकडे पाहिलं. तिथून दुपारचं ऊन तिरपं होऊन मागच्या बाकांवर पडलं होतं.

"आता वाळू दे उन्हात," ती म्हणाली.

ऑड्रीनं पेन्सिल शोधायला खिशात हात घातला. पेन्सिल तिच्या हातातच होती.