शेवटच्या चढाईचा गुण

खोपोलीच्या एका कारखान्याने हिरूला कामगार म्हणून घेतलं ते नावापुरतंच. हजेरी कारखान्यात आणि घाम कबड्डीच्या मैदानात, असे पगारी खेळाडू तेव्हा पुष्कळ होते. कर्जतच्या अंतिम सामन्यात गुण बरोबरीत असताना शेवटची चढाई त्याच्या वाट्याला आली. एका गड्याला शिवून तो परत फिरला, तोच समोरच्या संघातल्या, चौक गावच्या शकूरने त्याचा घोटा धरला. हिरू आडवा पडला, हात लांब केला आणि त्याची बोटं मध्यरेषेला लागली. निदान हिरू तरी तसं म्हणतो. पंचांनी त्याला बाद दिलं. त्याने बोटांवरची रेषेची पांढरी फक्की दाखवली, तर पंच म्हणाले, फक्की काय, सगळ्या मैदानात उडालीय. एका गुणाने सामना गेला.

त्याला आता जन्म लोटला. कारखाना बंद पडला, बरोबरचे गडी एकेक करून गेले, बायको वनिताही गेली. मुलगा ओमकार पुण्यात असतो. तो फोन करतो, जेवलात का विचारतो आणि ठेवतो. त्याच्या गावी, पळसदरीला, शनिवार-रविवारी पाहुण्यांची झुंबड उडते, पण ते हिरूशी बोलतात ते धरणाचा रस्ता विचारण्यापुरतं. म्हणून दर रविवारी तो चौकला शकूरच्या टायरच्या दुकानात जाऊन त्या गुणावरून भांडायचा. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही, ही म्हण या दोघांसाठीच झाली असावी. एकदा तर पकड दाखवायला दोघे म्हातारे दुकानातच आडवे झाले आणि शकूरच्या मुलाने, रिझवानने, त्यांना उचलून बसवलं. आठवडाभर हिरू नवा मुद्दा शोधत बसायचा. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

यंदा शकूरचा हजला नंबर लागला. जाण्याआधी सगळ्यांची माफी मागायची रीत, म्हणून तो रिझवानच्या गाडीतून पळसदरीला आला. ओटीवर बसून त्याने हिरूचा हात हातात घेतला.

"हिरू, कहासुना माफ कर. तो गुण तुझाच व्हता."

हे ऐकण्यासाठी हिरू इतकी वर्षं जगला होता. ऐकलं आणि त्याने हात सोडवून घेतला. तू स्वतः बघितलं होतंस का, असं त्याने विचारलं, तर शकूर म्हणाला, आता कशाला त्यात शिरतोस, तुझा म्हणतो ना. हजचं सामान बांधता बांधता तो गुणही देऊन मोकळा झाला होता. पण देवाच्या घरी निघालेल्याला ओझं देऊन पाठवता येत नाही. हिरूने माफ केलं म्हणून सांगितलं. मनात म्हणाला, परत आला की सुरू होईल, हा गडी असा निवायचा नाही.

शकूर परतला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सून फिझा सगळ्यांना खजूर देत होती. गर्दी ओसरेपर्यंत हिरू कोपऱ्यात बसून राहिला, मग त्याने काढलंच: तुझी पकड ढिली होती.

"असंल रं," शकूर हसून म्हणाला.

खरंच निवला होता तो. त्याच्या दृष्टीने चांगलंच झालं होतं. हिरूला मात्र ते सोसेना. मग त्याने जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"शकूर, खरं सांगतो. माझी बोटं लागलीच नव्हती. वीतभर कमी पडली."

साफ खोटं होतं ते. शकूर आता उसळेल, मग जन्मभर तूच रडीचा डाव खेळलास का, असं ओरडेल, याची तो वाट बघत राहिला.

शकूरने ताटली पुढे सरकवली. "जाऊ दे रं. पोरवयातला खेळ तो. खजूर खा."

हिरूने खजूर खाल्ला. हायवेवर येऊन तो टेंपोची वाट बघत उभा राहिला. जन्मभर जपलेला गुण त्याने देऊन टाकला होता आणि समोरच्याने तो घेतलाही नव्हता. येत्या रविवारी कुठे जायचं, ते त्याला सुचेना.