मोटारीतले काका

“पाच मिनिटं,” मास्तर म्हणाले. “फक्त पाच मिनिटं द्या मला. त्या बाबाची अशी पोल खोलतो की पुन्हा कुणाच्या दारात उभा राहणार नाही.”

सहाव्या मिनिटाला मास्तरांची जीभ काळी झाली होती आणि त्यांची टोपी माझ्या काकांनी काढून घेतली होती. काकांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

थांबा, नीट सांगतो.

गावात पहिली मोटार आणली ती माझ्या सख्ख्या काकांनी. स्टेशनपासून वरच्या वस्तीपर्यंत दमवणारा चढ आहे. त्या चढावर ही मोटार उतारूंना घेऊन जायची. काकांचा तिच्यावर भारी जीव. काकू म्हणायची, “माझ्या पायात काटा रुतला तर ‘बघू’ म्हणायचे. टायर जरा मऊ लागलं की जेवणावरून उठायचे.”

काका गेले. मागे मोटार राहिली, काकू राहिली, त्यांची एकुलती एक बेबी राहिली आणि ड्रायव्हर राहिला. या ड्रायव्हरला सगळे भोंग्या म्हणायचे. रस्त्यात कुत्रं दिसलं की तो भोंगा वाजवायचाच, पण नाही दिसलं तरी वाजवायचा, मागच्या खेपेला दिसलं होतं म्हणून. बेबीचं आणि भोंग्याचं जमलं. काकूला पसंत होतं. आता फक्त तारीख काढायची बाकी होती.

तेवढ्यात झुळूकबाबा उगवला.

गॅरेजच्या दारात उभं राहून त्याने डोळे मिटले आणि खोल आवाजात म्हणाला, “माई, या यंत्रात कुणीतरी श्वास घेतंय.”

मोटार चालू होती. भोंग्या इंजिन गरम करत होता. पण हे सांगायचं भान कुणाला? बाबाने पांढरा रुमाल काढला आणि मोटारीच्या तोंडापुढे धरला. मोटारीच्या तोंडाशी पाण्याचा जाळीदार डबा असतो ना, रेडिएटर, त्याच्यापुढे. रुमाल सुळकन गेला आणि जाळीला चिकटला. ना डिंक, ना टाचणी. चिकटूनच राहिला.

“मालकांनी घेतला!” बाबा ओरडला. “माई, मालक इथेच आहेत!”

काकू मटकन खाली बसली आणि रडू लागली. त्या दिवसापासून बाबाचा मुक्काम गॅरेजात आणि जेवण काकूकडे.

दुसऱ्या दिवसापासून गॅरेजपुढे ही गर्दी! कुणाला हरवलेली बकरी हवी, कुणाला नोकरी. रुमाल आत ओढला गेला तर मालक ‘हो’ म्हणाले. बाहेर उडाला तर ‘नाही’. दर प्रश्नाआधी इंजिन बंद व्हायचं आणि मोटारीवर चादर पडायची. मग बाबाचा चेला चादरीखाली शिरायचा, मालकांना वारा घालायला. चेला इतका हडकुळा की गावाने त्याला काडीच नाव दिलं. तो बाहेर आला की हँडल मारायचं आणि बाबाची टकळी सुरू:

“श्वास आत, सत्य आत! श्वास बाहेर, खोटं बाहेर! मालक बोलतील, चाकं डोलतील! थाळी इकडून फिरवा, इकडून!”

शेवटी काकूने विचारलं, “अहो, बेबीचं भोंग्याशी लग्न लावून देऊ का?”

रुमाल फडफडत उडाला आणि बाबाच्या दाढीत अडकला.

“नाही!” बाबा दाढीतून रुमाल सोडवत म्हणाला. “मालक नाराज आहेत, माई. घाई नको. रविवारी शेवटचं विचारू.”

त्याच संध्याकाळी भोंग्या काकूला घेऊन वर निघाला. अर्ध्या चढावर रेडिएटरचं झाकण उडालं आणि वाफेचा लोट उठला. मोटार फुसफुसत उभी.

“पाहिलंस?” काकू म्हणाली. “फणफणलेत नुसते.”

भोंग्याचाही धीर सुटला. त्याने बोनेट उघडून बघावं तर बाबाने त्याला दोरा बांधून ठेवलेला. मालकांच्या छातीला परक्याने हात लावायचा नाही! पोरगा माझ्या दुकानात येऊन डोकं धरून बसला.

“एकदा गाडी मागे घेताना मी त्यांच्या हॅटवर चाक घातलं होतं,” तो म्हणाला. “विसरले नाहीत हो ते.”

“अरे, काका वारलेत!”

“वारले, पण हॅट नवी होती.”

बेबीने तर जेवण टाकलं होतं. मग मात्र मास्तर पेटले. मास्तर म्हणजे माझे दाजी, ताईचे यजमान. शाळेत विज्ञान शिकवतात आणि घरीही थांबत नाहीत.

तर ती पाच मिनिटं. “रुमालाला डिंक आहे!” असं जाहीर करून मास्तरांनी भर गर्दीत रुमाल चाटला. रुमालाने दिवसभर रेडिएटरची धूळ आणि तेल टिपलेलं. जीभ काळी. “मग दोरा असणार!” म्हणून त्यांनी दोरा तोडायला जाळीपुढे टोपी फिरवली. टोपी हातातून सुटली आणि जाळीला जाऊन बसली.

“मास्तरांचीही टोपी घेतली!” गर्दी गरजली. “मालकांनी मास्तरांना मान दिला!”

दोघं जण मास्तरांच्या पाया पडले. एकाने तर स्वतःच्या मुलाला आणून पाडलं.

घरी ताई दारातच उभी. “दाखवा जीभ.”

“अगं, तो प्रयोग होता.”

“कळलं. आधी चूळ भरा, मग शोध लावा.”

माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत. मास्तर चूळ भरून आले आणि येरझाऱ्या घालू लागले.

“टोपी चिकटली, म्हणजे रुमालात काही नाही. जाळीमागे पंखा असतो. इंजिन पट्ट्याने तो पंखा फिरवतं आणि पंखा पुढची हवा जाळीतून आत ओढतो. त्या हवेने रेडिएटरमधलं पाणी गार राहतं. रुमाल चिकटणारच! बाबा नसला तरी चिकटेल. ‘हो’ समजलं. पण ‘नाही’ कसं म्हणतो? हवा बाहेर यायची तर पंखा उलटा फिरायला हवा. आणि इंजिन काही उलटं फिरत नाही.”

“दाजी,” मी म्हटलं, “‘नाही’च्या वेळी काडी विजार धरून उभा असतो.”

“मी विज्ञान बोलतोय रे. तू विजारीत कुठे शिरलास?”

“मी शिंपी आहे. तुम्ही तोंडं बघता, मी कमरा बघतो. ती विजार मीच शिवली, चांगले लूप ठेवून. चामडी पट्टा घालतो तो. पण ‘नाही’ यायचं असलं की चादरीखालून बाहेर येतो तेव्हा पट्टा गायब, आणि एक हात कमरेला.”

मास्तर थबकले. माझ्या मशीनकडे बघत राहिले. मग एकदम खाली वाकून त्यांनी पायट्याच्या चाकावरचा पट्टा काढला आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पिळून परत चढवायला लागले. पट्टा पुरेना. मधे दोरी बांधून कसाबसा चढवला.

“मार पाय!”

“दाजी, सुईखाली पोस्टमास्तरांचा कोट आहे—”

“अरे मार!”

मी पाय मारला. खालचं चाक नेहमीसारखं फिरलं, वरचं मात्र उलटं! दोऱ्याचा हा गुंता झाला आणि त्या गुंत्यात मास्तरांची बाही पोस्टमास्तरांच्या कोटाला पक्की अडकली.

“सापडलं!” मास्तर कोटासकट नाचायला लागले. “पट्टा पिळला की पंखा उलटा! आणि पिळलेला पट्टा लांब लागतो, म्हणून दुसरा पट्टा हवा. तो लपवायचा कुठे? कमरेला! माणसाच्या कमरेला पट्टा दिसला तर कोण विचारतंय?”

“मग आत्ताच काकूला सांगू या.”

“काय सांगणार? आजच माझी टोपी गेलीय. आता माझं कोण ऐकणार? हे मोटारीच्याच तोंडून वदवायला हवं.”

ताईने कात्री आणली आणि त्यांना कोटापासून सोडवलं.

रविवारी गॅरेजपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. बेबी खिडकीत रडून सुजलेले डोळे घेऊन उभी. भोंग्या कोपऱ्यात असा उभा की जणू शिक्षा ऐकायला आलाय. आज ‘नाही’ आलं तर काकू लग्न मोडणार आणि भोंग्याला कामावरूनही काढणार, हे ठरलेलंच होतं. बाबाला तेच हवं होतं. घरात जावई आला की गॅरेजातला पाहुणा उठणार.

चादर पडली. काडी आत शिरला, खुडबुड झाली. काडी बाहेर आला. एक हात कमरेला.

मी खोकलो. तशी खूण ठरली होती.

मास्तर पुढे झाले. “काकू, लग्नाचं विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारा. पोरीच्या जन्माचा सवाल आहे, समोरच्याची ओळख पटवून घ्यायला नको? विचारा, तुम्ही खरंच माझे यजमान का?”

बाबा दचकला. “छे छे! मालकांचा अपमान! माई, विचारू नका!”

“अपमान कसला त्यात?” काकू म्हणाली. “पत्र घेतानासुद्धा पोस्टमन विचारतो, तुम्हीच ना म्हणून.”

भोंग्याने हँडल मारलं. इंजिन धडधडलं. काकूने बाबाच्या हातातून रुमाल घेतला, जाळीपुढे धरला आणि हळूच म्हणाली, “अहो, तुम्हीच ना?”

रुमाल सपकन उलटा उडाला आणि बाबाच्या तोंडावर बसला.

मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “नाही म्हणाले. मग इतके दिवस आपण कुणाच्या पाया पडत होतो?”

“मालक... मालक गंमत करतायत!” बाबा रुमालाआडून म्हणाला.

“ते? गंमत?” काकूचा आवाज चढला. “लग्नाच्या फोटोत हसा म्हटलं तर ‘कशाला?’ म्हणाले होते!”

“पुन्हा विचारू! काडी, चादर टाक!”

“टाकेल, टाकेल,” मास्तर म्हणाले. “त्याआधी सगळ्यांनी दोन्ही हात वर करा आणि एकदा मालकांचा जयजयकार होऊ द्या! बोला!”

सगळ्यांचे हात वर गेले. सवयीने काडीचेही गेले. विजार खाली आली. शिवण शाबूत होती, एवढं माझ्या वतीने सांगून ठेवतो. खिशातून चामड्याचा एक आखूड पट्टा जमिनीवर पडला.

काकूने स्वतः बोनेटचा दोरा तोडला. आत पंख्यावर काडीच्या कमरेचा पट्टा, आठच्या आकड्यासारखा पिळलेला.

“हाच तुमच्या मालकांचा श्वास,” मास्तर म्हणाले. “सरळ पट्टा, हवा आत, ‘हो’. पिळलेला पट्टा, हवा बाहेर, ‘नाही’. मोटार चढावर का तापली? पुढून वारा आत येतोय, आणि पंखा मागून त्यालाच बाहेर ढकलतोय. दोघांच्या भांडणात जाळीतून हवाच जाईना. पाणी उकळलं. राग कुणालाच आला नव्हता. भोंग्या, तो आखूड पट्टा सरळ चढव.”

भोंग्याने पट्टा चढवला, हँडल मारलं. मास्तरांनी रुमाल धरला आणि मोठ्याने विचारलं, “मी बटाटा आहे का?”

रुमाल जाळीला घट्ट चिकटला.

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. त्या गोंधळात बाबा आणि काडी मागच्या दाराने सटकले. बाबा धावत, काडी उड्या मारत.

काकू मोटारीच्या पायरीवर बसून राहिली.

“मूर्ख ठरले मी,” ती म्हणाली. “पण मास्तर, बरं वाटायचं हो. रोज बोलायला मिळायचं त्यांच्याशी.”

“बोला की, काकू,” मास्तर तिच्या शेजारी बसले. एरवी त्यांचा आवाज वर्गातला असतो, आत्ता नव्हता. “आठवण आली तर बोला. त्यात चूक काही नाही. फक्त उत्तर पंख्याकडून घेऊ नका. आणि आपण सगळ्यांनीच, कुणी चादर टाकून चमत्कार दाखवला की हात जोडण्याआधी चादर उचलून बघायची. देवाची असो, मालकांची असो, चादरच आहे ती. उचलता येते.”

काकूने डोळे पुसले आणि कोपऱ्याकडे बघितलं.

“ए भोंग्या, इकडे ये. त्यांना काय वाटतं ते मला कळायचा मार्ग नाही. पण ‘हो’ म्हणायला मी जिवंत आहे. हो.”

बेबी खिडकीतूनच बाहेर उडी मारायला निघाली होती. ताईने तिला दाराने आणलं.

लग्न झाल्यावर त्याच मोटारीतून वरात वर निघाली. पूर्वी त्या चढावर मोटार दमली की भोंग्या थांबायचा, पाणी घालायचा आणि हातासरशी पेट्रोलही बघायचा. त्या दिवशी पंखा असा छान चालला होता की पाणी कोमटसुद्धा झालं नाही, म्हणून कुणी थांबलं नाही आणि पेट्रोल कुणी बघितलं नाही.

शेवटच्या वळणावर ते संपलं. नवरी, काकू आणि ताई आत बसून राहिल्या. बाकी आम्ही सगळे ढकलत होतो. नवरदेव भोंगा वाजवत होता.