तिघांतली ओढ

या, असे जवळ सरकून बसा. अणूच्या पोटातली एक गोष्ट सांगतो. पण आहे ती बहीणभावाची. घाबरू नका, गणित माझ्यावर सोपवा.

एक ताई होती. परगावी एकटी राहायची आणि एका संस्थेत, अणूच्या गर्भातले कण एकमेकांना किती घट्ट धरून असतात, याचं गणित करायची. दोन कणांत ओढ असते खरी, पण फारच जवळ आले की अशी ढकलाढकली करतात, की संगणकालाही घाम फुटतो. म्हणून आधी गणिताच्या चाळणीने बारकावे गाळून ती ओढ मऊ करायची. नियम एकच: चाळण कुठलीही घ्या, उत्तर तेच यायला हवं.

ताईचं उत्तर चाळणीगणिक सरकत होतं.

घरचं तरी काय निराळं? आई गेल्यापासून भावाचा रविवारचा फोन आटत चालला होता. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." मग फोन बंद. एका रविवारी तर तो म्हणाला, "अगं ताई, दर रविवारी कशाला? काही असलं तर करूच की." ताई "बरं" म्हणाली आणि चहा गार होईपर्यंत खिडकीशी उभी राहिली.

सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या सोबत्याने तिच्या पडद्यात डोकं घातलं. तो सारखा टोचून बोलायचा, म्हणून त्याला सगळे टोचन म्हणत.

"काय गं, गणितातली तिघांची ओढ कुठे गेली?"

"किती किचकट ती! आणि असते इवलीशी. सोडली."

"वा! जोडीतलं गाळतेस ते काय हवेत जातं? तीन कण एकत्र आले की जी ओढ लागते, तिच्यात जाऊन बसतं. नेमकी तीच फेकलीस. आता बस बोंबलत!"

ताईने ती ओढ परत घातली. संगणक आठवडाभर घरघरला. मग तिने चाळण बदलून पाहिली. उत्तर जवळजवळ जागचं हललं नाही. आनंद सांगायला आधी आईच आठवली. तेव्हा ताईच्या ध्यानात आलं: दुसऱ्याला त्रास नको म्हणून तिने आणि भावाने, दोघांनीही आईचा विषय गाळला होता.

रविवारी तिनेच फोन लावला.

"काही झालं का?" भाऊ दचकला.

"काही नाही रे. आई फोनवर एवढं ओरडून का बोलायची?"

तो खुदकन हसला. "तिला वाटायचं, तू लांब आहेस, आवाज पोचायला नको?" मग तो हळूच म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी करशील ना?"

ताई आजही एकटीच चहा पिते. देव माणसं जोडतो, पण मध्ये तिसरं कुणी ठेवून जोडतो, असं मला आपलं वाटतं. घरी जाल तेव्हा त्या ओरडून बोलणाऱ्या माउलीची आठवण असू द्या.