तरोट्याची बहीण

"फुलावर भाळू नकोस, सौदे. फूल म्हणजे घराण्याचं कुंकू, सगळ्या बहिणी तेच लावतात. नाव विचारायचं असेल तर शेंगेला विचार."

नानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण झाडाला हात लावला की सौदामिनीच्या कानाशी हा आवाज यायचाच. नाना नांदेडला शाळेत शास्त्र शिकवत. रविवारी गोदेकाठच्या पडीक रानातून लेकीला हिंडवत आणि सोयऱ्यांची ओळख करून द्यावी तशी झाडाझुडपांची ओळख करून देत. तरवड, तरोटा आणि कासविंदा या तिघी एका घरच्या. तिघींचं फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. तरवडीचं झुडूप लांबूनच कळतं. पण तरोटा आणि कासविंदा लहानपणी अगदी जुळ्या वाटतात.

"तरोट्याच्या देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकं गोल," नाना बोटाने दाखवत. "कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार. तरोट्याची शेंग बारीक, विळ्यासारखी वाकडी. कासविंद्याची चपटी, ताठ. एक खूण जुळली म्हणून हुरळायचं नाही. सगळ्या जुळल्या तरच नाव घ्यायचं." तरोट्याची भाजी माणसं चवीनं खातात, पण कासविंद्याच्या शेंगा खाऊन लुळी पडलेली वासरं नानांनी कंधारकडे आपल्या डोळ्यांनी पाहिली होती.

एकदा त्यांनी एका विद्यार्थ्याला झाडाचं नाव चुकीचं सांगितलं. घरी आल्यावर लक्षात आलं, तर दुसऱ्या दिवशी एसटी धरून त्याच्या गावी गेले. परत आल्यावर धुळीचे पाय धूत लेकीला म्हणाले, "चुकीचं नाव दिलं तर ज्याला दिलं त्याच्या दारात जाऊन परत घ्यायचं. कबूल?"

"कबूल," परकरातली सौदामिनी म्हणाली होती.

पुढे ती लग्न होऊन औशाला आली. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा उस्मानाबादच्या कचेरीतली कपाटं ट्रकमध्ये घालून लातूरला आणली गेली आणि त्या कपाटांमागोमाग तिचे यजमान रेणुकादासही तिथे रुजू झाले. रोज सकाळच्या गाडीनं जात, संध्याकाळी परत. नव्या जिल्ह्याचं कौतुक सरलं नव्हतं तोच पावसानं पाठ फिरवली. मिरगात एकदा पडला तो पडला. श्रावण कोरडा गेला, विहिरींचे तळ दिसू लागले, आणि गल्लीत टँकर आला की घागरींची भांडणं सुरू झाली.

अशा वर्षी सौदामिनीनं चातुर्मासाचा नेम धरला होता तो पानाचा. रोज एक नवी पत्री देवापुढे ठेवायची आणि तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं. आषाढात सोपं गेलं. भाद्रपद उजाडेपर्यंत नवं पान शोधायला तिला गावाबाहेर जावं लागू लागलं. गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणत, सौदामिनीअक्काला पानापानाचं नाव येतं. ती हसून मान खाली घालायची, पण ते ऐकायला तिला आवडायचं.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगर न लागलेल्या जमिनीतलं, आपलं आपण उगवलेलं तेवढं चालतं. आदल्या दिवशी ती भाजी शोधायला निघाली तेव्हा शेजारची जगदेवी बरोबर आली. जगदेवीचा नवरा चंद्रप्पा किराण्याचं दुकान चालवायचा. तिची पाच वर्षांची महानंदा पुढे उड्या मारत होती. नांदेडकडच्या नायगावहून गल्लीतल्या आपल्या लेकीकडे आलेली भामाबाईही मागोमाग निघाली.

"तुमच्या ऋषींचं बी नवलच हाय अक्का," जगदेवी म्हणाली. "त्यांना बैल चालत न्हाई, आन् आमच्या महादेवाचं नंदीबिगर पान हालत न्हाई. या दोघांची गाठ पडली तर कसं व्हायचं?"

"भांडतील थोडं," सौदामिनी म्हणाली, "आणि मग तुझ्या दुकानातला गूळ मागतील."

"उधार न्हाई म्हणावं!"

भामाबाई तोंडाला पदर लावून हसली.

सगळीकडे माळ उघडा पडला होता, फक्त किल्ल्याच्या खंदकात एका बाजूला कुठून तरी ओल झिरपत होती. तिथे हिरवा पट्टा होता. वीतभर उंचीची झाडं, पिवळी फुलं, हिरव्या शेंगा. सौदामिनीनं एक देठ उचलला. पानांच्या तीन जोड्या.

टोकं जरा टोकदार वाटली. पाण्याविना पान आकसलं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. चुरगळल्यावर उग्र वास आला, पण खंदकात घाणीचा वास होताच. शेंगेकडे तिनं पाहिलं, आणि पाहिलं न पाहिलंसं केलं. उद्याचा उपवास होता, नेमाचं पान हवं होतं, आणि तिघीजणी तिच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"तरोटा आहे," ती म्हणाली. "घ्या खुडून."

महानंदानं झग्याच्या ओच्यात शेंगा भरल्या. "मावशी, खाऊ का?"

"खा गं. तरोट्याच्या शेंगांनी काही होत नाही."

"लेकरं खातेत का?" भामाबाईनं विचारलं. "माझ्या नातवंडांस्नी नेते. तिकडं तर चिंचेचा पाला बी ऱ्हायला न्हाई." तिनं फडक्यात शेंगांचं गाठोडं बांधलं आणि दुपारच्या गाडीनं नायगावला गेली.

पंचमीला सौदामिनीनं आघाड्याच्या काडीनं दात घासले, सात सुपाऱ्या मांडून ऋषींची पूजा केली आणि नेमाचं पान ठेवताना म्हटलं, "तरोटा." भाजी कडू लागली. दोन घास खाऊन तिनं ताट सारलं. देवाचं म्हणून काही बोलली नाही.

षष्ठीच्या दुपारी भिंतीपलीकडून किंकाळी आली.

ती धावत गेली. महानंदा पहाटेपासून ओकत होती म्हणे. आता ती आईच्या हातांना ओरबाडत होती, स्वतःचे केस उपटत होती, आणि डोळे उघडे असून कुणाला ओळखत नव्हती. जगदेवी "नंदे, ए नंदे, अव्वा हाय मी" म्हणत तिचे हात धरत होती. जगदेवीची सासू कमलम्मा कपाळाला विभूती लावत होती.

"खंदकाकडं गेली व्हती न्हवं? तिथलंच हाय हे. बाहेरचं हाय," कमलम्मा म्हणाली. "मठात न्या तिला."

दारातल्या बायकांनीही माना हलवल्या. खंदकात कोण कोण पडून मेलं त्याच्या गोष्टी निघाल्या. सौदामिनीकडे कुणी बोट दाखवलं नाही. हेच तिला सगळ्यांत भयंकर वाटलं. ती गप्प राहिली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. ओठ घट्ट मिटून ती मागच्या मागे सरली आणि खंदकाकडे पळत सुटली.

उन्हं कलली होती. तिनं गुडघे टेकले.

आता मात्र तिनं शेंगेला विचारलं. एकही शेंग वाकडी नव्हती. सगळ्या चपट्या, देठावर ताठ उभ्या, मधोमध तपकिरी पट्टा. मग ती देठाच्या बुडाशी गेली. तिथे काळसर, मोहरीएवढी गाठ. नानांनी तीही सांगितली होती: कासविंद्याची गाठ देठाच्या मुळाशी असते, तरोट्याची पानांच्या जोड्यांमध्ये. आणि तीन जोड्यांच्या खाली, उजवीकडे-डावीकडे, गळलेल्या पानांचे वाळके वण. चौथी जोडी होती. दुष्काळानं ती खाऊन टाकली होती. तिनं मोजलं ते खरंच मोजलं होतं, पण झाडापाशी जे उरलं होतं तेवढंच.

"देवा," ती म्हणाली, आणि पुढे काय मागावं ते तिला सुचेना. तिनं मुळासकट एक झाड उपटलं. पलीकडे कोरड्या काठावर खरा तरोटा होता, बोटभर, धुळीनं माखलेला, विळ्यासारखी एकच शेंग धरून. तोही उपटला. दोन्ही पदरात गुंडाळून ती उलटी धावली.

घरात गर्दी तशीच होती. चंद्रप्पा मुलीला खांद्यावर घेऊन मठाकडे निघाला होता. सौदामिनी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. तिचा आवाज कधी भिंतीपलीकडे जात नसे. आताही गेला नाही.

"भाऊजी, बाहेरचं नाही. शेंगांचं विष आहे. मी चुकीचं नाव सांगितलं. तो तरोटा नव्हता."

चंद्रप्पा थबकला. मग कमलम्मा म्हणाली, "काय म्हणायली ही?"

"कासविंदा आहे. यानं वासरं मरतात. मी खा म्हटलं म्हणून तिनं खाल्लं."

चंद्रप्पाचा चेहरा काळवंडला. "गल्लीभर नावं सांगत फिरत व्हता तुमी," तो म्हणाला. "देवाम्होरं बी सांगत व्हता."

"हो."

"आन् आता म्हणता…"

"आता दवाखान्यात न्या. मला काय म्हणायचं ते वाटेत म्हणा."

गावातल्या डॉक्टरांनी मुलीच्या पापण्या उचलून पाहिल्या. सौदामिनीनं पदरातलं झाड दाखवलं. ते म्हणाले, "या झाडावर औषध कुठलं ते मला ठाऊक नाही. पण विष आहे एवढं कळलं, हे बरं झालं. इथे थांबू नका. लातूरला न्या, आत्ता."

लातूरची गाडी गेलेली होती. चौकात पाण्याचा टँकर रिकामा होऊन परत निघाला होता. चंद्रप्पा त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं शिवी दिली, मग मुलीकडे पाहिलं आणि दार उघडलं.

वाटभर जगदेवीनं लेकीचं डोकं मांडीवर धरलं होतं. महानंदा आता ओरडत नव्हती. ते ओरडणंच बरं होतं, असं सौदामिनीला वाटलं. मागे रिकामी टाकी धडधडत होती. ती मनात नामजप करू लागली, पण दर वेळी देवाच्या नावाच्या जागी कासविंद्याचं नाव येई, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

दवाखान्यात सलाइन लागलं. ओकारी काढली, सुया टोचल्या, रक्त नेलं. लातुरातल्या कचेरीतून निरोप मिळून रेणुकादास आले आणि बाकावर तिच्या शेजारी बसले. रात्र कशी गेली ते सौदामिनीला सांगता आलं नसतं. कॉरिडॉरच्या दिव्याला पाखरं धडकत होती एवढं तिला आठवत राहिलं. जगदेवीनं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

झुंजूमुंजू झालं तेव्हा खाटेवरून बारीक आवाज आला.

"अव्वा."

जगदेवी खाटेवर वाकली.

"अव्वा, पाणी."

सिस्टर आली, नाडी पाहिली, डॉक्टरांना बोलावून आणलं. ते म्हणाले, "ओळखतेय. चांगलं आहे. पण अजून दोन दिवस सांगता येत नाही." चंद्रप्पा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. सौदामिनी जमिनीवरच बसली, हात जोडले, आणि आता रडू यायला हरकत नाही असं वाटत असतानाच जगदेवी बोलली. काल संध्याकाळपासूनचं हे तिचं सौदामिनीशी पहिलं बोलणं.

"अक्का."

"काय गं?"

"भामाबाईनं गाठोडं नेलं की."

फडक्याची गाठ सौदामिनीला दिसली, त्यातून बाहेर आलेली हिरवी टोकं दिसली. चौथीची दुपार, मग पंचमी, षष्ठी, आज सप्तमी. गाठोडं उघडलं असेल. की वाळायला टाकलं असेल? नायगावात भामाबाईचं घर कुठे हेही तिला नीट माहीत नव्हतं. बसस्टँडमागे, लिंबाच्या झाडापाशी, असं काहीतरी ती म्हणाली होती.

"तार करू," रेणुकादास म्हणाले. "पोस्ट उघडलं की लगेच करू."

"तारेत काय लिहाल?" सौदामिनी म्हणाली. "खाऊ नका म्हणून? मी सांगितलं म्हणून ती पुढेही हेच तरोटा समजून खुडेल. तारेतून तिला कुठलं कुठलं ते कसं कळेल?"

रेणुकादास उठले. "मी येतो बरोबर."

"तुम्ही इथे थांबा. यांना चहापाण्याला कुणीतरी हवं. आणि तारही करा."

ती उठली. खाटेजवळ जायचा धीर होत नव्हता, तरी गेली. महानंदानं तिच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते कळलं नाही.

"जाऊ का गं जगदेवी?" तिनं विचारलं. विचारायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हेही तिला समजत नव्हतं.

जगदेवीनं लेकीच्या कपाळावरची विभूती हातानं सारखी केली. "जावा," ती म्हणाली. "तिथं बी लेकरं हायती." मग तशीच खाली बघत: "तोंड धुवून जावा. तोंडावर माती हाय खंदकाची."

नळाला पाणी नव्हतं. माठातल्या पेलाभर पाण्यात तिनं पदराचं टोक बुडवून तोंड पुसलं आणि उरलेलं पाणी रेणुकादासांच्या कापडी पिशवीत ठेवलेल्या झाडांवर शिंपडलं. रात्रीतून कासविंद्याची पानं मिटली होती, पण शेंगा तशाच ताठ होत्या. तरोट्याची एकुलती शेंग वाकून पिशवीच्या कडेला टेकली होती.

आजचं नेमाचं पान राहिलं होतं. दवाखान्याच्या पायरीशी, कुणाच्या तरी नवसाच्या शेंदूर फासलेल्या दगडापुढे, तिनं कासविंद्याचं एक पान ठेवलं. तिनं नाव घेतलं, पुरतं, मोठ्यानं.

बसस्टँडवर नांदेडच्या गाडीचा कंडक्टर हाळी देत होता. सौदामिनीनं पिशवी छातीशी धरली आणि सावकाश, कुणाला धक्का न लावता, गाडीच्या दारातून आत गेली.