मिस्त्रीकाकांची वडी

मित्रांनो, मला पाहून कुणाला शिवणयंत्र आठवते, कुणाला भाजी चिरायचे यंत्र. मी एक जुना मायक्रोटोम आहे. नाव जड असले तरी काम एकच, काप काढणे. रुग्णाच्या पेशी मेणाच्या छोट्या वडीत बसवतात आणि ती वडी मी इतकी पातळ कापतो की कापातून पलीकडचे दिसावे. ते काप काचपट्टीवर चढवून, रंगवून डॉक्टर आजार ओळखतात.

माझी उमेदीची वर्षे मानाची गेली ती मिस्त्रीकाकांमुळे. माझी देखभाल तेच करत. एका हातात तेलाची कुपी, दुसऱ्यात मऊ फडके आणि तोंडाची टकळी सतत चालू. "काय रे म्हाताऱ्या, कुरकुरतोस कशाला? मी कुरकुरतो का?" असे म्हणत ते माझे चाक फिरवत. माझ्याशी असे लाडाने दुसरे कुणी कधी बोलले नाही.

मग काका खोकू लागले. एकदा तेल घालता घालता धाप लागून स्टुलावर बसले. पुढे त्यांची मुलगी एक बाटली घेऊन आली. तिच्यात काकांच्या छातीत साठलेले पाणी होते. प्रयोगशाळेतल्या ताईंनी त्या पाण्याचा गाळ काढून त्याची वडी केली. पेशी फार नव्हत्या. मेणात डाळीएवढा ठिपका, बस्स.

एरवी ताईंची रीत पक्की असे. वडी एकदाच चढवायची, लागतील ते सगळे काप एकदमच काढायचे आणि थोडे कोरे, म्हणजे न रंगवलेले, पुढच्या चाचण्यांसाठी हातचे राखायचे. कारण उतरवलेली वडी पुन्हा चढवली की किंचित तिरकी बसते, आणि ती सपाट होईपर्यंतचे सगळे काप वाया जातात. पण हे तर घरचे माणूस!

"काकांचं आधी," म्हणत ताईंनी हातातले काम बाजूला ठेवले. तेवढ्यापुरते दोन काप काढले आणि धावत डॉक्टरांना नेऊन दिले. डॉक्टरांना कर्करोग दिसला. तो मूळ कुठला, हे पाहायला त्यांनी आणखी काप मागितले. वडी पुन्हा चढली. मग खात्रीसाठी आणखी एकदा. दर खेपेला माझे पाते सपाटी करत होते आणि काकांच्या पेशी माझ्या पायाशी मेणाच्या भुग्यात पडत होत्या. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

फुप्फुसाचा कर्करोग, हे ठरले. आता पेशींची जनुकीय चाचणी करायची होती. तिच्यात ठरावीक बदल सापडला, तर त्यावर लागू पडणारी गोळी होती. ताईंनी वडी चढवून चाक फिरवले. नुसते मेण आले. पुन्हा फिरवले. पुन्हा मेणच.

"परत पाणी काढता येणार नाही का?" ताईंनी विचारले.

"आता पाणी साठतच नाहीये. फुप्फुसात सुई घालून तुकडा काढावा, तर ते सोसायची ताकद त्यांच्यात उरली नाही. रक्तातही तो बदल शोधून पाहिला, काही हाती लागलं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मुलीलाही बाहेर नेऊन तसेच सांगितले.

काही दिवसांनी मुलीने काकांना चाकाच्या खुर्चीतून आणले. त्यांना मला बघायचे होते. त्यांनी माझ्या चाकावर हात ठेवला.

"ताई, माझी वडी यानंच कापली ना?"

"हो, काका."

"मग काप चांगलेच आले असतील. माझ्या हाताखालचा आहे तो."

मुलगी खिडकीबाहेर बघू लागली.

"चांगलेच आले, काका," ताई म्हणाल्या.

काका त्यानंतर आले नाहीत. मी आता कुरकुरतो, पण का म्हणून विचारणारे कुणी नाही.

मित्रांनो, माया असेल तिथे तर हात अधिकच सावकाश चालवा. चिमूटभर पेशींवर कुणाचे तरी उरलेले आयुष्य टांगलेले असते. ताई आता कुणाचीही वडी असो, कोरे काप आधी राखून ठेवतात. माझ्या शेजारचे खोके त्या कापांनी भरत आले आहे. त्यात काकांचा एकही नाही.