पिवळ्या तळव्यांचा

"बाई, हा नर आहे की मादी, ते तुम्ही कशावरून ओळखता?"

तळहातावरचा काळा ठिपका चालायला लागला आणि कालिरोईला आपलाच प्रश्न पुन्हा ऐकू आला, दहा दिवसांपूर्वीचा, वर्गातला. खरं तर तो तिचा नव्हताच. फोतिनीने मागून पाठीत पेन्सिल टोचून तो दिला होता — "विचार, हिंमत असेल तर. आठवडाभर माझ्या डब्यातली चीजची तिरोपिता तुझी" — आणि कालिरोई, जी हजेरीलासुद्धा इतकं हळू 'हजर' म्हणायची की सर दोनदा नाव घ्यायचे, ती उभी राहिली होती. वर्ग फिदीफिदी हसला. अथेन्सहून भुंगे शोधत आलेल्या रोदान्थीबाई हसल्या नाहीत. चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "पुढच्या पायांची पावलं बघायची. मादीची बारीक असतात. आणि नराची... नराची कशी असतात ते मलाही ठाऊक नाही. या भुंग्याचा नर अजून कुणी पाहिलेलाच नाही."

त्या एका वाक्याने हसू थांबलं होतं. शाळेत बाहेरून आलेलं मोठं माणूस 'मला ठाऊक नाही' म्हणालं, तेही असं, खिशातून गोळी काढून द्यावी तसं.

पावलं... तिने हात डोळ्यांजवळ नेला. भुंगा अंगठ्याच्या नखाएवढा, कोळशासारखा काळा, चकाकी अजिबात नाही. पाठीवरची दोन झाकणं मधोमध शिवल्यासारखी जुळून गेलेली, त्यांच्यावर बारीक दाण्यांच्या रांगा — खाली पंख नाहीतच, म्हणूनच हा समुद्र ओलांडून कुठे जात नाही, बाई म्हणाल्या होत्या. मिशांचे मणी मोजले, दहा भरले. तो थांबल्यावर पुन्हा मोजले, अकरा, शेवटचा टोकदार. मग पुढचे पाय. पावलं पसरट होती, लहान मुलाने वडिलांचे बूट घालावेत तशी. हलक्या हाताने उलटा केला तर तळव्यांना पिवळ्या केसांचे ब्रश...

मी पाहिला. मी पहिली.

"कालिरोई! दंताळं काय टेकून उभं राहायला दिलंय?" वरून बाबांची हाक आली.

ईस्टरआधीचा गुरुवार. उद्यापासून बोटीतून पाहुणे उतरायला लागतील, आणि त्याआधी प्रत्येक खानावळवाल्याने आपापल्या समोरची वाळू साफ करायची — हिवाळ्यात लाटांनी आणून टाकलेलं समुद्रगवत, वाळून तपकिरी फितींसारखं झालेलं, दंताळ्याने ओढायचं, जाळ्यात भरायचं, गावामागच्या खड्ड्यात लोटायचं. सातव्या वर्षापासून ती हे करते आहे. गेल्या वर्षी तर तिचा ढीग अख्ख्या किनाऱ्यावर सगळ्यात उंच होता, बाबांनी तिला त्यावर बसवून फोटो काढला होता, तो अजून गल्ल्यामागे लावलेला आहे... आणि त्या ढिगात, तिच्या बुडाखाली, असे किती? पंख नसलेले, पळता न येणारे? खड्ड्यात गेल्यावर ते परत चालत आले असतील का... एवढा चढ, एवढ्याशा पायांनी?

बाई जाताना फक्त तिला म्हणाल्या होत्या: "ते गवताखालीच राहतात. सापडलाच तर मारू नकोस, डबीत कोंडू नकोस. जागा तशीच ठेव आणि मला फोन कर. पहिल्या बोटीने येते." ईस्टरच्या बोटी पाहुण्यांनी आधीच भरलेल्या, म्हणजे बाईंना जागा मिळणारी पहिली बोट मंगळवारची. आणि मंगळवारपर्यंत बाबांच्या खुर्च्यांसमोर हे गवत, हा वास. गेल्या वर्षी एक कुटुंब नाक धरून शेजारच्या खानावळीत जाऊन बसलं होतं आणि बाबा दिवसभर रिकाम्या खुर्च्या पुसत राहिले होते.

तिने भुंगा पुन्हा गवताखाली ठेवला. तो क्षणभर थांबला, मग पसरट पावलांनी वाळू मागे सारत आत शिरला, घाई नाही, काही नाही — आपलंच घर असल्यासारखा. होतंच ना त्याचं. चार काठ्या शोधून तिने त्या जागेच्या चार कोपऱ्यांत रोवल्या. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पंधरा पावलं.

वर अंगणात आई अंडी रंगवत होती, हात मनगटापर्यंत लाल. बाबा जाळ्याची गाठ सोडत होते.

"त्या काठ्या कसल्या?" बाबांनी विचारलं. "टोमॅटो लावतेस की काय वाळूत?"

"लावू दे, निकिफोरे," आई म्हणाली. "निदान काहीतरी उगवेल. तुझे पाहुणे नुसतंच खातात."

कालिरोईने सांगितलं. नर, पिवळे तळवे, अथेन्सच्या संग्रहालयातल्या तीन जुन्या माद्या. मध्येच तिला बाईंनी सांगितलेलं नावाचं आठवलं, आणि तेही सांगितलं — की शंभर वर्षांपूर्वी कुणा साहेबाने त्या माद्या इथे पकडल्या, पण बोट समोरच्या बेटावर थांबली तेव्हा चिठ्ठ्या लिहिल्या, त्याच बेटाच्या नावाने. म्हणून भुंगा आपला आणि त्याचं शास्त्रीय नाव समोरच्यांचं.

बाबांचे हात गाठीवर थांबले. "समोरच्यांचं?"

"हो."

"मग बदला म्हणावं ते नाव."

"बदलत नाही, बाबा. आधी दिलेलं नाव चुकीचं असलं तरी तेच राहतं, असा नियम आहे. पण नराचं वर्णन अजून लिहायचंय. त्यात जागा लिहितात. कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या गवताखाली, कुणाला सापडला."

"आणि पाहुण्यांना मी काय सांगू? बसा, आमच्याकडे कुजलेलं गवत आहे?"

हा प्रश्न खरा होता. फोतिनीने दिलेला नव्हता, कुणी हसणारही नव्हतं, आणि उत्तर तिच्याकडे पुरतं नव्हतं. गंमत म्हणजे त्याची भीती वाटत नव्हती. 'मला ठाऊक नाही' असं म्हणून उभं राहता येतं, हे तिला आता माहीत होतं. समुद्राकडून वारा आला, खारट, किंचित कुजका, आणि तिला तो पहिल्यांदाच कुणाच्यातरी घरातून आल्यासारखा वाटला.

"बाकीचा सगळा किनारा मी ओढते, शेजारचासुद्धा," ती म्हणाली, आणि आवाज एवढा स्पष्ट निघाला की आईने अंड्यावरून मान वर केली. "पण त्या काठ्यांच्या आत बाई येईपर्यंत, मंगळवारपर्यंत, दंताळं जाणार नाही. त्यांना मी आत्ताच फोन करते. मी ठरवलंय. पाहुण्यांना तुम्ही काही सांगू नका, बाबा. मी तिथे उभी राहीन. काय विचारायचं ते मला विचारू देत."