माझं तोंड वाकडंच राहणार

माझं तोंड वाकडं आहे, मित्रांनो. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी कुजबुजायला नको. माझी डावी कड उजवीपेक्षा जास्त झिजवलेली आहे. मला ते माहीत आहे, आणि ते तसंच राहणार आहे.

मी आल्टो सॅक्सोफोनचा जुना माउथपीस आहे. लग्नाच्या वरातीत तुम्ही ते पितळेचं, मोठ्या चिलमीसारखं वाकलेलं वाद्य पाहिलं असेल. वाजवणारा जो काळा तुकडा ओठांत धरतो, तो मी. मी कडक रबराचा आहे. माझ्या सपाट अंगावर वेताची एक पातळ पत्ती आवळून बांधतात. पत्तीचं टोक आणि माझी कड यांच्यामध्ये थोडी फट राहते. तिथून श्वास आत शिरतो, पत्ती थरथरते आणि आवाज फुटतो. ती फट म्हणजे माझं तोंड. तोंड बारीक असलं की आवाज गोड आणि आटोपशीर येतो. तोंड मोठं असलं की आवाज रुंद होतो, सूर हवा तसा वाकवता येतो, पण छातीत दम लागतो. या फटीवरून किती भांडणं झाली ते आता ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं तोंड बारीक आणि अगदी सरळ होतं. एका जुन्या सॅक्सोफोनबरोबर मी वरवट बकालला शंकररावांच्या घरी आलो. शंकरराव संग्रामपूरच्या एका बँडमध्ये वाजवायचे. आठ महिने शेतात मजुरी, लग्नसराईत बँड. पहिल्याच वरातीत ताशे कडाडले आणि माझा आवाज कुठल्या कुठे बुडाला. मागून एक जण म्हणाला, "शंकर्‍या, वाजवून राह्यला का नुसते गाल फुगवून राह्यला बे?"

शंकररावांना ते लागलं. त्यांनी माझं तोंड मोठं करायचं ठरवलं. ही बँडवाल्यांची जुनी रीत आहे. काचेचा तुकडा घ्यायचा, त्यावर पॉलिश पेपर ठेवायचा आणि माउथपीसची कड त्यावर हळूहळू घासायची. काच हलू नये म्हणून दुसर्‍याने ती दाबून धरायची. त्या दिवशी काच धरली होती जनकाबाईंनी, शंकररावांच्या पत्नीने.

घासणं नीट चाललं होतं. तेवढ्यात चुलीवरचं दूध वर आलं. जनकाबाईंनी एक हात काढून पातेलं उतरवलं. काच सरकली आणि माझी डावी कड खर्रकन जास्त खाल्ली गेली.

"जनका! सत्यानाश केला तू!" शंकरराव ओरडले.

"बोंबलता काऊन?" जनकाबाई म्हणाल्या. "दूध लेकराच्या पोटात जाते. तुमची नळी कोनाच्या पोटात जाते?"

शंकरराव रागाने मला वाद्यावर चढवून बाहेर गेले आणि फुंकले. मी वाजलो. आवाज मोठा झाला होता, पण त्यात एक खरखर आली होती. वरच्या सुरावर तो थोडा चिरायचा, बोलता बोलता माणसाचा गळा दाटून यावा तसा. जनकाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"आता कसं मानसावानी वाजते," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या घरात एक परीक्षा सुरू झाली. नवी पत्ती बांधली की जनकाबाई टोपलं घेऊन नाल्याकाठच्या बाभळीपाशी जायच्या. शंकरराव ओट्यावरून वाजवायचे. आवाज नीट आला तर तिकडून टोपलं वर. नाही आला तर खाली. टोपलं वर दिसल्याशिवाय ती पत्ती वरातीला जायची नाही. गावातले लोक हसायचे. "शंकररावची बायको रेल्वेच्या गार्डावानी झेंडी दाखवते," म्हणायचे. म्हणोत. त्या टोपल्यावर विसंबून मी जळगाव जामोदपासून शेगावपर्यंत वाजलो. नवरदेवाचे मामा मला ऐकून फेटा उडवायचे. पलीकडच्या आळीतून लोक आवाज ओळखून म्हणायचे, "शंकरराव आले."

वरात आटोपून आलो की जनकाबाईच मला सोडवायच्या. आधी पत्ती काढायच्या, पुसून काचेवर सपाट ठेवायच्या. मग मला धुवायच्या, तेही पिण्याच्या हंड्यातल्या गोड्या पाण्याने. आमच्या भागात बोअरचं पाणी खारं. ते अंगावर वाळलं की पांढरी पुटं धरतात. शेवटी जुन्या लुगड्याची चिंधी माझ्या पोटातून ओढून घ्यायच्या. शंकररावांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना मी दर वेळी डब्यात कोरडा आणि स्वच्छ सापडायचो. त्यांना वाटायचं मी असाच राहतो.

मागच्या पोळ्याच्या आधी जनकाबाई गेल्या. ताप आला, अकोल्याला नेलं, परत आणलं ते तसंच.

ज्या संध्याकाळी त्यांना ताप भरला, त्याच दिवशी शंकररावांनी मला वाजवलं होतं. पत्ती अजून माझ्या अंगावरच होती. ती काढायला कोणी आलं नाही. डब्याचं झाकण लागलं ते लागलंच. पावसाळ्याच्या दमटीत पत्तीवर काळी बुरशी चढली, ती माझ्या अंगाला चिकटली. बाहेर काय चाललंय ते कळत नव्हतं. फक्त शंकररावांचं खोकणं ऐकू यायचं, आणि एकाच माणसाच्या ताटाचा आवाज.

मित्रांनो, मी तक्रार करत नाही. ज्या माणसाचं घर असं बसलं त्याने मला धुवावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण मी डब्यात पडून मनाशी म्हणत होतो, मी मेलेलो नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला बँडमास्तर राजकुमार घरी आला. तो शंकररावांपेक्षा तरुण आणि तोंडाचा स्पष्ट.

"शंकरभाऊ, चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक आपल्या बँडकडे हाय. तुम्ही येता का? खरं सांगतो, समदे म्हनून राह्यले, शंकरभाऊचा दम सरला. सॅक्सोफोनले दुसरा मानूस पाहा."

"कोन म्हनते?"

"मीच म्हनतो," राजकुमार म्हणाला. "रागावू नका. ताशापुढं टिकलं पाह्यजे. या वर्षी नाही जमलं तं पुढच्या लग्नसराईत मी दुसरा मानूस ठेवतो."

तो गेल्यावर शंकररावांनी डबा उघडला. माझी दशा पाहिली, कुजकी पत्ती उपटून काढली. मग मला बोअरच्या नळाखाली धरलं. खार्‍या पाण्याची पांढरी पुटं माझ्यावर चढली. नवी पत्ती बांधून त्यांनी फुंकलं. मी नुसता चिरकलो.

जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा प्रसेनजित पुण्याहून आला. तोही सॅक्सोफोन वाजवतो, जॅझ वाजवतो. वडलांची अवस्था त्याने फोनवर ऐकली होती. येताना त्याने दोन माउथपीस आणले. एक काळा, बारीक तोंडाचा, अगदी मी जन्मलो होतो तसा. दुसरा धातूचा, चकचकीत, मोठ्या तोंडाचा, आत उंचवटा असलेला. त्या उंचवट्याने आवाज धारदार होऊन निघतो.

प्रसेनजितने मोटारसायकलच्या मिस्त्रीकडे असतं तसं फट मोजायचं पात्यांचं फिलर गेज काढलं आणि आमची तोंडं मोजली. बारक्याचं मोजलं. धातूवाल्याचं मोजलं. मग माझ्याकडे वळला. एक पातं उजवीकडून गेलं, डावीकडून ढिलं पडलं.

"बाबा, हा वाकडा आहे."

"हाय वाकडा."

"म्हणूनच चिरकतो. मी पुण्याला नेतो. तिथे एक कारागीर आहे, दोन्ही कडा अगदी सारख्या करून देतो. तोपर्यंत हा धातूचा लावा. हलक्या फुंकरीत मोठा आवाज येतो."

त्याने मला रुमालात गुंडाळून आपल्या बॅगेत टाकलं. मित्रांनो, त्या बॅगेत मी जेवढा पेटलो तेवढा कधी पेटलो नव्हतो. मला सारखं करणार! त्या दुधाच्या पातेल्याचं काय मग?

"काढ त्याले बाहेर," शंकरराव म्हणाले.

"बाबा, तुमच्यासाठीच..."

"काढ म्हनतो ना. तुह्या मायच्या हातानं वाकडा झाला तो. तुह्यासाठीच दूध उतरवाले गेली होती."

प्रसेनजितला ही गोष्ट माहीत नव्हती. त्याने मला बाहेर काढलं, पण हट्ट सोडला नाही. "बरं. मग परीक्षा घेऊ. आई घ्यायची तशी. तिन्ही वाजवा."

"टोपलं कोन धरन?" शंकरराव म्हणाले.

शेजारच्या मनकर्णाबाई कुंपणापलीकडे तूर पाखडत होत्या. जनकाबाईंबरोबर त्यांनी जन्मभर शेतात निंदण-खुरपण केलं होतं. त्या तिकडूनच म्हणाल्या, "काऊन, मले कान नाहीत का? अन् शंकरभाऊ, त्या नळीले बोअरच्या पान्यानं धुतलं ना तुम्ही? अवकातच नाही मानसाइची! जनका गोड्या पान्यानं धुवे, पत्ती काचेवर ठेवे." त्यांनी हंड्यातून तांब्या भरून आणला, चिंधी मागितली, माझी पुटं काढली. मग टोपलं काखेत मारून बाभळीकडे निघाल्या.

शंकररावांनी आधी बारीक तोंडाचा वाजवला. आवाज स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. तिकडे टोपलं खालीच.

मग धातूचा. आवाज बाणासारखा सुटला. टोपलं लगेच वर.

मग मी. शंकररावांनी ओठ आवळले, छाती भरली. त्यांचा दम कमी पडत होता, ते मला आतून कळत होतं. तरी वाजलो. वरच्या सुराला चिरलो. बाभळीपाशी टोपलं खाली गेलं, मग दिसेनासंच झालं.

प्रसेनजित हळूच म्हणाला, "नाही पोचला, बाबा."

शंकररावांनी मला वाद्यावरून उतरवलं. मनकर्णाबाई सावकाश परत आल्या.

"मावशी, कोणता कसा आला?" प्रसेनजितने विचारलं.

"पयला आलाच नाही," त्या म्हणाल्या. "दुसरा लय जोरात आला, पन कोनाचा आला ते नाही समजलं. मले वाटलं भंगारवाल्याची गाडी आली."

"आणि तिसरा?"

"तिसरा आला तं म्या टोपलं ठेवून देलं अन् खाली बसली. उभ्यानं आयकाचा नव्हता तो."

जयंतीच्या दिवशी शंकररावांनी मलाच चढवलं. राजकुमारने पाहिलं. "शंकरभाऊ, शाळेच्या चौकापर्यंत पाहीन. आवाज पडला तं तो पोराचा चकचकीत लावा, नाहीतं बाजूले व्हा. हट्ट नका करू."

निळे झेंडे, गुलाल, गल्लीभर माणसं. ताशे सुटले. पहिल्या गल्लीत मी चांगला होतो. दुसरीत शंकररावांचे गाल थरथरायला लागले. माझं तोंड मोठं, आणि पत्ती बांधली होती जुन्या सवयीची, जाड, जवानीतल्या दमाची. चौकात आलो आणि सूर तुटला. राजकुमारने वळून हाताने खूण केली. बाजूला व्हा.

प्रसेनजित गर्दीतून पुढे आला. त्याच्या हातात धातूवाला असणार असं मला वाटलं. पण त्याने मूठ उघडली तर तळहातावर एक पत्ती होती. पातळ, मऊ.

"बाबा, तोंड तेच ठेवा. पत्ती बदला. मोठ्या तोंडाला मऊ पत्ती कमी दमात बोलते."

"हे मले कालच काऊन नाही सांगतलं बे?"

"काल मी याला सरळ करायच्या नादात होतो."

शंकररावांनी भर चौकात पत्ती बदलली. जिभेवर ओली केली, बांधली. मग ताशांच्या मागच्या आपल्या जागेवर न जाता ते थेट सगळ्यांच्या पुढे चालत गेले.

"शंकरभाऊ, तिकडं कुठं? मागं या!" राजकुमार ओरडला.

ते मागे आले नाहीत. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी छाती भरली आणि मी बोललो. रुंद, खरखरीत, वाकड्या तोंडाने. वरचा सूर आला तिथे चिरलो, आणि शंकररावांनी तो सूर सोडला नाही, तसाच लांब धरून ठेवला. ताशेवाल्याने आपणहून हात हलका केला. दाराच्या ओट्यांवर बायका उठून उभ्या राहिल्या. राजकुमार काही वेळ तसाच चालला, मग त्याने ट्रम्पेट ओठाला लावला आणि आमच्या मागून सूर धरला.

नाल्याच्या बाजूने मिरवणूक वळली तेव्हा शंकररावांनी बाभळीकडे तोंड केलं. तिथे कोणी नव्हतं. तरी ते तिकडेच वाजवत राहिले, रस्ता संपेपर्यंत.

घरी आल्यावर प्रसेनजितने पत्ती काढायला हात पुढे केला. शंकररावांनी तो बाजूला सारला. पत्ती त्यांनी स्वतः काढली, पुसली, काचेवर सपाट ठेवली. हंड्यातलं गोडं पाणी घेतलं. चिंधी पोटातून ओढली. ती मध्येच अडकली, तर पुन्हा ओढली. 

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काही असेल. वाकडं, झिजलेलं, चिरक्या आवाजाचं. त्याला गोड्या पाण्याने धुवा. गरम पाणी टाळा, त्याने माझ्यासारखं रबर हिरवट पडतं. वापरून झालं की कोरडं करून ठेवा. एवढं कोणालाही जमतं. आणि सरळ करायची हौस आली, तर थांबा. ते कोणाच्या हाताने वाकडं झालं, ते आधी घरात विचारा.

मी अजून डब्यात आहे. तोंड तेवढंच मोठं, तेवढंच वाकडं. ज्याला माझ्यात खोट दिसते त्याने गेज खाली ठेवावं, छाती भरावी आणि एकदा मला फुंकून दाखवावं.